इटलीचं शंभरी ओलांडलेलं कलोन 'कोलोनिया': नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा, नक्की कुठल्या कलोनबद्दल बोलताय?

आक्वा दि पार्मा कंपनीचं कोलोनिया. पिवळा गोल डबा आणि काळं झाकण, तेच. १९१६ साली पहिलं महायुद्ध चालू असताना उत्तर इटलीतल्या पार्मामध्ये (चीझ आणि हॅमसाठी प्रसिद्ध असलेलं तेच पार्मा) बॅरन कार्लो मान्यानी यांनी जुन्या शहरातल्या एका छोट्या लॅबमध्ये हे सुरू केलं आणि ते आजही विकलं जातंय. तेव्हापासून परफ्यूमच्या दुनियेत कितीतरी नावं आली, गाजली आणि गेलीसुद्धा, पण लिंबू-संत्र्याच्या वासाचं हे कलोन काउंटरवर अजून आहे. लोक प्रश्न काहीही विचारोत, आतून त्यांना हेच जाणून घ्यायचं असतं की या साध्या वासात एवढं आहे तरी काय, म्हणून खाली जरा सविस्तरच लिहिलंय.

वास नक्की कसा आहे? फोटो बघून काही कळत नाही.

मारल्या मारल्या सिसिलीचं लिंबू, गोड संत्रं आणि कॅलाब्रियाचं बर्गमॉट येतं. तिन्हींचं तेल सालीतून काढतात, रसाचा संबंध नाही, त्यामुळे आंबट वास येत नाही, सालीचा कडवट आणि चकचकीत ताजा वास येतो. पाच-दहा मिनिटांत हा जोर ओसरतो आणि लॅव्हेंडर, रोझमेरी, व्हर्बिना पुढे येतात, आणि मला विचाराल तर कोलोनियाची खरी ताकद इथेच आहे, कारण नुसतं लिंबू कोणालाही जमतं, फरशी पुसायच्या लिक्विडमध्येपण लिंबूच असतं, पण त्या लिंबाला हा पाल्याचा कोरडा, किंचित औषधी वास मिळाला की ते एकदम इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टाच्या लेव्हलला जातं. मग गुलाब येतो, इतका हलका की बऱ्याच जणांना गुलाब म्हणून कळतच नाही, "साबणासारखं स्वच्छ वाटतंय" एवढंच ते म्हणतात. शेवटी वाळा, चंदन आणि पॅचुली (एका झाडाच्या पानांचा मातकट वास). वाळा म्हणजे आपण उन्हाळ्यात माठात टाकतो तोच, ती मुळं. ज्यांचं नाक वाळ्याच्या पाण्यावर वाढलंय त्यांना तासाभराने मनगट हुंगल्यावर तो नक्की ओळखता येईल, जरा शांतपणे हुंगा मात्र.

आणि बर्गमॉट-लॅव्हेंडर एवढे एकजीव का वाटतात त्यालाही कारण आहे. दोघांच्याही तेलात लिनालिल अॅसिटेट आणि लिनालूल हे दोन घटक भरपूर असतात, त्यामुळे एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे नाकाला कळत नाही. जुन्या कलोन बनवणाऱ्यांना ही केमिस्ट्री माहीत नव्हती, त्यांनी हे नाकानेच शोधलं होतं.

बर्गमॉट म्हणजे काय? आपल्याकडे मिळतं का?

आपल्या बाजारात फळ म्हणून मिळत नाही. लिंबू आणि कडू संत्रं यांच्या संकरातून आलेलं फळ आहे, दिसायला हिरवट-पिवळं आणि खायला कडवट. पण अर्ल ग्रे चहा प्यायला असाल तर वास तुमच्या ओळखीचा आहे, त्या चहाला जो वास असतो तो याचाच.

आता यातली मोठी गोष्ट. जगातलं बहुतेक सगळं बर्गमॉट, साधारण ९० टक्के धरा, एकाच पट्ट्यातून येतं, इटलीच्या नकाशातल्या बुटाच्या अगदी टोकाला रेज्जो कॅलाब्रिया म्हणून प्रांत आहे तिथल्या समुद्रकाठच्या चिंचोळ्या भागातून. दुसरीकडे झाड लावता येतं, पण वास तसा येत नाही असं परफ्यूमवाले सांगतात. तोडणी साधारण नोव्हेंबर ते मार्च. सुरुवातीच्या हिरव्या फळाचं तेल जास्त तिखट आणि हिरवट असतं, हंगाम पुढे गेला आणि फळ पिवळं पडलं की तेल गोडसर होत जातं, म्हणजे एकाच बागेतल्या डिसेंबरच्या आणि मार्चच्या तेलात फरक असतो आणि दरवर्षी तोच वास आणण्यासाठी ही तेलं मिसळून मेळ घालावा लागतो. पूर्वी बायका-माणसं बसून साल हाताने स्पंजवर दाबायची आणि तो स्पंज पिळून तेल काढायची. १८४४ मध्ये रेज्जोच्या निकोला बारिल्ला यांनी साल खरवडून तेल काढायचं मशीन बनवलं आणि हा मोठा धंदा झाला. आजही तेल थंड पद्धतीनेच काढतात, उकळून नाही, कारण उष्णतेने वास बिघडतो. एक किलो तेलाला साधारण २०० किलो फळं लागतात. हे एकदा डोक्यात बसलं की किमतीचा प्रश्न निम्मा सुटतो.

पण कलोन तर जर्मनीचं ना? मग हे इटालियन कसं?

कलोन हे नाव जर्मनीतल्या कोलोन शहरावरून आलं, म्हणजे शहर जर्मन, माणूस इटालियन. जोव्हान्नी मारिया फारिना, जन्म १६८५, उत्तर इटलीतल्या व्हाल व्हिजेत्सो खोऱ्यातल्या सांता मारिया माज्जोरे गावचा. तो कामधंद्यासाठी कोलोनला गेला आणि तिथे त्याने हे पाणी बनवलं, त्यांच्या घराण्याची फर्म १७०९ पासूनची आहे. १७०८ मध्ये त्याने भावाला पत्र लिहिलं होतं, त्यात तो म्हणतो की मला असा एक सुगंध सापडलाय जो इटलीतल्या वसंतातल्या सकाळची आठवण देतो, पाऊस पडून गेल्यावरची डोंगरातली फुलं आणि संत्र्याचा मोहोर. परमुलखात राहून गावाकडची सकाळ बाटलीत भरायचा प्रयत्न होता तो. त्याआधी युरोपात कस्तुरीसारखे जड प्राणिज वास चालायचे, त्यापुढे हे इतकं वेगळं होतं की राजेरजवाडे ऑर्डरी द्यायला लागले आणि नेपोलियन तर हे अक्षरशः अंगावर ओतून घ्यायचा.

म्हणजे पार्मात १९१६ मध्ये जे झालं ते काही आकाशातून पडलं नाही, दोनशे वर्षांचा जुना ढाचा समोर होता. मान्यानींच्या कोलोनियाने त्या ढाच्याला खालून जरा जास्त आधार दिला, म्हणजे गुलाब आणि लाकडाचे वास. त्यामुळे ते नुसतं आंघोळीनंतरचं पाणी न राहता अंगावर घालायचा सुगंध झालं.

मला सांगा, तासाभरात उडून जातं मग एवढे पैसे का घालायचे?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात जास्त चिडून विचारला जाणारा, त्यामुळे नीट सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे हा बाटलीचा दोष नाही, लिंबाचा स्वभाव आहे. लिंबू आणि संत्र्याच्या सालीच्या तेलात सगळ्यात जास्त असतं ते लिमोनीन, संत्र्याच्या तेलात तर ९० टक्क्यांच्या वर. हा रेणू छोटा आणि हलका, अंगाच्या उबेने लगेच हवेत जातो. आणि तो हवेत जातो म्हणूनच नाकापर्यंत इतक्या जोरात पोचतो! जो वास पहिल्या मिनिटाला असा उजळ येतो तो टिकणार नाही आणि जो आठ तास बसून राहतो तो पहिल्या मिनिटाला एवढा उजळ नसतो, एकाच तेलाकडून दोन्ही मागता येत नाही. 'आठ तास टिकणारं लिंबू' म्हणून जे विकतात त्यात आठ तास टिकतं ते बहुतेक वेळा मस्क (कस्तुरीसारखा वास) किंवा लाकडी सिंथेटिक, लिंबू तिथेही अर्ध्या तासात गेलेलं असतं.

दुसरं म्हणजे कलोन या प्रकारात सुगंधी तेलाचं प्रमाणच कमी असतं, साधारण दोन ते पाच टक्के, बाकी अल्कोहोल आणि थोडं पाणी. ओ द तॉलेत म्हणजे कलोनपेक्षा कडक प्रकार, त्यात ते पाच ते पंधरापर्यंत जातं. कमी तेल हा कंजूसपणा नाही, कलोन सढळ हाताने लावायचं असतं म्हणून ते तसं बनवतात. दोन ठिपके लावून थांबणारी माणसं कोलोनियाला नावं ठेवतात, पण हे मानेवर, छातीवर, दंडांवर, मनगटावर असं भरपूर मारायचं असतं आणि दुपारी परत.

तिसरं, ते पूर्ण उडत नाही. तुमचं नाक त्या वासाला सरावतं आणि तुम्हाला येईनासा होतो, शेजारच्याला मात्र येत असतो. कॉटनच्या शर्टाच्या कॉलरवर मारून ठेवा आणि संध्याकाळी शर्ट काढताना हुंगा, वाळा-पॅचुली तिथे असतात.

आणि चौथं माझं मत. मोगऱ्याचा गजरा सकाळी कोमेजतो म्हणून कोणी फुलवालीशी भांडायला जात नाही, तो त्या संध्याकाळपुरता असतो हे आपल्याला मान्य असतं. कोलोनियाचंही तसंच आहे. सारखं अंगाला चिकटून राहणारा वास दुपारपर्यंत नकोसा होतो, ऑफिसात तर दुसऱ्यांनाही होतो, पण हे कधी नकोसं होत नाही कारण त्याआधीच ते बाजूला झालेलं असतं आणि परत लावताना परत पहिल्यासारखंच छान वाटतं. लोक शंभर वर्षं याच्याकडे परत येतायत त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. ज्याला एकदा मारून दिवसभर सुटका हवी त्याने दुसरं काहीतरी घ्यावं, त्यात काही वाईट नाही.

हॉलिवूडचे लोक वापरायचे ते खरं का?

कॅरी ग्रँट, डेव्हिड निव्हन, ऑड्री हेपबर्न, एव्हा गार्डनर ही नावं नेहमी घेतली जातात आणि कंपनीही अभिमानाने सांगते. गोष्ट अशी सांगतात की इटलीतले नामांकित शिंपी तयार सुटावर कोलोनिया शिंपडून द्यायचे, सूट शिवायला आलेल्या नटांना तो वास आवडला आणि ते बाटल्या घेऊन गेले. गोष्ट छान आहे, पण नटांची नावं सगळेच ब्रँड लावतात. त्या नावांपेक्षा मला तो शिंप्याचा भाग महत्त्वाचा वाटतो कारण हे कलोन कापडावर खरंच अंगापेक्षा जास्त खुलतं.

डबा पिवळा का? आणि त्यावरचा तो राजेशाही शिक्का कोणाचा?

पार्मातल्या जुन्या इमारतींचा रंग तसा पिवळा आहे, तिथून घेतलेला. डब्याचा गोल आकार टोप्या ठेवायच्या डब्यासारखा. बाटली १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको वळणाची, वर काळं बेकलाइटचं (जुन्या काळचं कडक प्लास्टिक) झाकण.

शिक्का पार्माच्या डचेस मारी लुईझ हिचा. ती नेपोलियनची दुसरी बायको, तो पडल्यावर तिला पार्माची गादी मिळाली आणि १८१६ पासून १८४७ मध्ये मरेपर्यंत ती तिथे होती. कोलोनिया तिच्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी आलं तेव्हा तिने हे वापरलं वगैरे काही नाही, पण पार्माच्या लोकांना ती आजही आपली वाटते, शहरातलं मोठं ऑपेरा थिएटर तिच्याच काळातलं, आणि व्हायोलेटच्या फुलांचं तिला वेड होतं, पार्माचे व्हायोलेट प्रसिद्ध झाले त्यात तिचा मोठा वाटा आहे.

कंपनी अजून त्याच घराण्याची आहे का?

नाही. मधल्या काळात मोठे, दणदणीत, सिंथेटिक परफ्यूम जोरात आले आणि असल्या हलक्या कलोनचे दिवस वाईट गेले. १९९३ मध्ये तिघा इटालियन उद्योजकांनी मिळून ते हातात घेतलं, फेरारीचे लुका दि मोन्तेझेमोलो, टॉड्स बुटांचे दिएगो देल्ला व्हाल्ले आणि ला पेर्लाचे पाओलो बोर्गोमानेरो. १९९८ मध्ये मिलानमध्ये स्वतःचं दुकान निघालं. मग २००१ पासून एलव्हीएमएच हा फ्रेंच लक्झरी ग्रुप आला आणि थोड्याच वर्षांत पूर्ण मालकी त्यांच्याकडे गेली. इटलीचं राहिलं नाही म्हणून काही लोक हळहळतात. मला तेवढं वाटत नाही, मधली ती मंडळी आली नसती तर आज बाटलीच नसती.

फॉर्म्युला १९१६ चाच आहे का?

ढाचा तोच आहे, पण थेंब न् थेंब तोच असणं शक्य नाही आणि त्याचं एक चांगलं कारण आहे. बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन नावाचा घटक असतो. तो कातडीवर असताना ऊन लागलं तर काळे डाग पडतात, कलोन लावून उन्हात गेलेल्या पेशंटच्या मानेवरचे हे डाग डॉक्टरांनी १९१६ मध्येच नोंदवून ठेवलेत, म्हणजे कोलोनिया आलं त्याच साली. म्हणून आता परफ्यूममध्ये शक्यतो बर्गाप्टेन काढलेलं तेल वापरतात किंवा प्रमाण अगदी कमी ठेवतात, त्यावर इंडस्ट्रीचे नियमच आहेत. जुन्या बाटलीच्या मागे लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, शिवाय दहा-वीस वर्षं पडून राहिलेल्या बाटलीत लिंबू शिल्लकच नसतं.

बायकांनी लावलं तर चालतं का?

चालतं म्हणजे काय, लावाच. कलोन तीनशे वर्षं दोघंही लावतायत. पुरुषांच्या काउंटरवर ठेवतात ती दुकानाची सोय आहे.

इंटेन्सा, एसेन्झा, पुरा असे प्रकार दिसतात, त्यातलं कुठलं?

इंटेन्सा २००७ चं, त्यात आलं, वेलची आणि चामड्याचा वास, थंडीत किंवा संध्याकाळी बरं. एसेन्झा २०१० चं, त्यात संत्र्याच्या फुलाचा वास पुढे येतो. पुरा २०१७ चं, मस्कमुळे मऊ आणि जास्त मॉडर्न, पहिल्यांदा परफ्यूम घेणाऱ्यांना बहुतेक हेच पटकन आवडतं. पण मूळ कोलोनिया लावून बघितल्याशिवाय बाकीच्यांकडे जाऊ नका, बाकी सगळी त्याच्याच भोवती फिरतात.

अत्तर लावायची सवय आहे, हे आवडेल का?

सुरुवातीला पातळ वाटेल. अत्तर तेलात असतं, चंदनावर बसवलेलं, एक काडी कानामागे लावली की दिवसभर पुरतं. कलोनचं सगळं उलट आहे. पण खसचं अत्तर आवडत असेल तर कोलोनियाचा शेवटचा भाग आवडेल असं मला वाटतं, दोन्हीकडे वाळाच.

मुंबई-कोकणातल्या घामात कसं लावायचं?

आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून, आणि उन्हात जायचं असेल तर मानेऐवजी कपड्यावर. मुंबईच्या दमट हवेत हे फार छान वाटतं, गोड परफ्यूम त्या हवेत चिकट होतात आणि हे होत नाही. घामाचा वास झाकायला वापरू नका, त्याला डिओ आहे. काखेत आणि लगेच दाढी केलेल्या गालावर जपून, अल्कोहोल झोंबतं. पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमावर मारू नका, डाग पडतो, आणि मोत्याचे दागिने, म्हणजे तन्मणी, नथ, चिंचपेटी, सुगंध वाळल्यावरच घाला कारण अल्कोहोलने मोत्याची चकाकी जाते.

लहानपणी तापात कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवायचे, ते हेच का?

हेच नाही पण याच घराण्यातलं. आपल्याकडे घरोघरी जे कोलनवॉटर असायचं ते फारिनाच्या परंपरेतलं साधं, स्वस्त रूप, लिंबू-लॅव्हेंडरचा वास आणि भरपूर अल्कोहोल. अल्कोहोल पटकन उडतं आणि उडताना कपाळ गार करतं म्हणून बरं वाटायचं. कोलोनिया पहिल्यांदा हुंगल्यावर बऱ्याच मराठी माणसांना आजारपण, दुपारची झोप, मऊ भात असलं काहीतरी आठवतं ते त्याचमुळे. आता मात्र तापात असं करू नका, लहान मुलांना तर मुळीच नाही, अल्कोहोल कातडीतून आणि श्वासातून आत जातं. डॉक्टर साध्या पाण्याच्याच पट्ट्या सांगतात.

एवढं बजेट नाही, स्वस्तात याच्या जवळ जाणारं काय?

४७११. कोलोन शहरातलंच, १७९२ पासूनचं, आणि फ्रेंच सैन्य शहरात असताना घरांना नंबर टाकले त्यात या घराला मिळालेला नंबर म्हणजे हे नाव. कोलोनियापेक्षा हलकं, जास्त औषधी, आणि खालचा लाकडाचा आधार कमी. पण कलोन हा प्रकार आपल्याला झेपतो का हे कमी पैशात कळतं आणि उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवून मारलं तर फारच गार वाटतं.

बाटली किती वर्षं चालते?

उघडल्यावर दोन-तीन वर्षांत संपवा. खिडकीत नको, बाथरूममध्ये नको, डब्यासकट कपाटात ठेवा. लिमोनीनला हवा आणि ऊन लागलं की ते बिघडतं, वास टर्पेंटाइनकडे झुकायला लागतो आणि नाजूक कातडीला त्याची खाजही येऊ शकते. दिवाळी-लग्नापुरतं राखून ठेवायची ही वस्तू नाही, रोज वापरा.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला आणायला सांगितलं तर?

सांगा, पण साइज बघून. हँडबॅगेत बहुतेक विमानतळांवर १०० मिलीपर्यंतच चालतं आणि कोलोनियाची मोठी बाटली १८० मिलीची असते, ती सिक्युरिटीला काढून घेतली तर बिचाऱ्याचे पैसे गेले. मोठी हवी असेल तर चेक-इनच्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणि कपड्यांच्या मधोमध ठेवायला सांगा. पहिल्यांदाच घेणार असाल तर आधी छोटीच मागवा आणि ती निदान एक पूर्ण उन्हाळा वापरून बघा.